गाण्याची मुदत संपते तेव्हा: व्हिडिओ गेममधल्या संगीताची गोष्ट

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना झालेली पुनरावृत्ती कमी केली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून टाकतो. आजचा अख्खा भाग गाण्यांबद्दल आहे, पण या भागात तुम्हाला एकही गाणं ऐकू येणार नाही. छोटासा तुकडासुद्धा नाही. "अरे, तीस सेकंद वाजवलं तर चालतं" असं मला किमान चार जणांनी सांगितलं. आपल्या कॉपीराइट कायद्यात असा तीस सेकंदांचा नियम कुठेही लिहिलेला नाही. टीका किंवा समीक्षा करण्यासाठी थोडी मोकळीक आहे, पण किती सेकंद, ते कायदा सांगत नाही. म्हणून म्हटलं, कशाला भानगड.

आणि खरं तर ही भानगड हाच आजचा विषय आहे. व्हिडिओ गेममधली गाणी, त्यांचे परवाने, आणि त्या परवान्यांवरची शेवटची तारीख.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. वकील नाही, संगीतकार तर अजिबात नाही. पण व्यवस्थित चालणारी गोष्ट एका सकाळी अचानक बंद का पडते, हे शोधणं माझं रोजचं काम आहे. या विषयाकडेही मी त्याच नजरेने बघितलंय. चला तर मग.

एका रेडिओ स्टेशनची बदली

२९ एप्रिल २००८. 'ग्रँड थेफ्ट ऑटो ४' बाजारात आला. आपण त्याला जीटीए फोर म्हणू. न्यूयॉर्कवर बेतलेलं लिबर्टी सिटी नावाचं शहर, आणि नायक निको बेलिक. हा माणूस पूर्व युरोपातल्या युद्धातून वाचून, अमेरिकेत काहीतरी बरं होईल या आशेने बोटीतून आलेला. जीटीएची पद्धत तुम्हाला माहीत असेलच. गाडीत बसलात की रेडिओ सुरू होतो, आणि तुम्ही स्टेशनं बदलत शहरभर फिरता.

त्यातलं एक स्टेशन होतं व्लादिवोस्तोक एफएम. त्यावर पूर्व युरोपातली गाणी लागायची, आणि निवेदन करायची रुस्लाना. ही युक्रेनची खरीखुरी गायिका, २००४ च्या युरोव्हिजन स्पर्धेची विजेती. आता विचार करा. परक्या देशात आलेला निको रात्री टॅक्सी चालवतोय आणि रेडिओवर त्याच्या बाजूच्या मुलखातली गाणी वाजतायत. गोष्ट सांगायचाच तो एक भाग होता. आखातात गेलेल्या आपल्या माणसाला गाडीत अचानक मराठी गाणं ऐकू आलं तर काय वाटेल, तसंच काहीसं.

आता दहा वर्षं पुढे या. एप्रिल २०१८. गेमला दहा वर्षं पूर्ण व्हायला काही दिवस उरलेत. आणि रॉकस्टार गेम्स या कंपनीने जाहीर केलं की संगीताच्या परवान्यांमुळे काही गाणी काढावी लागतायत. 'काही' म्हणजे पन्नासहून जास्त. सगळ्यात मोठा घाव बसला तो व्लादिवोस्तोक एफएमवर. त्याची यादी जवळपास पूर्णच बदलली. त्या जागी दुसरी रशियन गाणी घातली गेली. स्टेशनचं नाव तेच, निवेदिका तीच, पण आतलं सामान नवीन.

आणि कळीची गोष्ट अशी की हे फक्त नव्या गिऱ्हाइकांपुरतं नव्हतं. ज्यांनी दहा वर्षांपूर्वी पूर्ण पैसे मोजून गेम घेतला होता, त्यांच्याकडेही ते अपडेट आलं आणि गाणी गेली. जुनी डिस्क आणि इंटरनेटला न जोडलेलं मशीन ज्याच्याकडे होतं, त्याच्याकडे मात्र ती राहिली.

हे असं का होतं? त्यासाठी आधी एक साधी गोष्ट समजून घ्यावी लागेल.

एका गाण्याचे दोन मालक

आपण म्हणतो 'ते गाणं', पण कायद्याच्या दृष्टीने ती दोन वेगळी मालमत्ता आहे. एक म्हणजे शब्द आणि चाल. ती गीतकार-संगीतकाराची, किंवा त्यांनी ज्या प्रकाशकाला हक्क दिले त्याची. दुसरी म्हणजे त्या चालीचं प्रत्यक्ष रेकॉर्डिंग. ते बहुतेक वेळा रेकॉर्ड कंपनीचं असतं. एकच भावगीत दोन गायकांनी दोन कंपन्यांसाठी गायलं, तर चाल एकच पण रेकॉर्डिंगं दोन, हे आपल्याला कॅसेटच्या जमान्यापासून माहीत आहे.

गेममध्ये एखादं प्रसिद्ध गाणं वाजवायचं असेल तर या दोघांचीही परवानगी लागते. चाल लिहिणारे तीन जण असतील आणि तिघांचे प्रकाशक वेगळे असतील, तर तिन्ही दारं ठोठवायची. एकाने नाही म्हटलं की विषय संपला.

जीटीए फोरमध्ये दोनशेहून जास्त गाणी होती. त्या वेळच्या बातम्यांनुसार रॉकस्टार एका गाण्याच्या चालीसाठी पाच हजार डॉलरपर्यंत आणि रेकॉर्डिंगसाठी आणखी पाच हजार डॉलरपर्यंत देत होती. म्हणजे सगळ्यात जास्त दर धरला तरी दोनशे गाण्यांचे वीस लाख डॉलर. पैशांपेक्षा डोकेदुखी होती ती माणसं शोधण्याची. 'स्कॅट ब्रदर्स' नावाच्या एका जुन्या बँडचं गाणं हवं होतं, पण त्यातला शॉन डिलेनी हा कलाकार वारला होता. त्याच्या नातेवाइकांची सही मिळवण्यासाठी म्हणे खाजगी गुप्तहेर लावावा लागला! एका गाण्यासाठी. गेममधल्या गाडीच्या रेडिओवर, तेही खेळणाऱ्याने नेमकं ते स्टेशन लावलं तरच वाजणाऱ्या गाण्यासाठी.

आता करार झाला असं धरा. त्या करारात काय असतं? ढोबळमानाने चार रकाने. कशावर वापरणार: डिस्क, डाउनलोड, मोबाइल? कुठे विकणार: फक्त युरोप की जगभर? कशासाठी: गेमच्या आत, जाहिरातीत, की वेगळ्या अल्बममध्ये? आणि चौथा रकाना, किती काळ?

यातला 'कशासाठी' नीट लक्षात ठेवा. गेममध्ये गाणं वाजवायची परवानगी मिळाली म्हणजे त्याचा साउंडट्रॅक अल्बम काढायची परवानगी मिळाली असं होत नाही. ती वेगळी बोलणी, वेगळे पैसे. म्हणून गेममध्ये ऐकलेली सगळी गाणी अल्बममध्ये सापडतीलच असं नसतं. जीटीए फोरच्या स्पेशल आवृत्तीसोबत गाण्यांची सीडी मिळायची, पण ती एकच. दोनशे गाण्यांमधली निवडक.

त्यावर रॉकस्टारने एक भारी उपाय काढला होता. गेममधल्या मोबाइलवरून एक ठरावीक नंबर फिरवला की रेडिओवर चालू असलेल्या गाण्याचं आणि कलाकाराचं नाव मेसेजने यायचं. खरं खातं जोडलेलं असेल तर ते गाणं ॲमेझॉनवर विकत घेण्याची लिंक ईमेलने मिळायची. म्हणजे गेम हेच गाण्यांचं दुकान. तुमचा अल्बम तुम्हीच गोळा करा.

आधी हा प्रश्नच नव्हता

थोडं मागे जाऊ. ऐंशीच्या दशकातल्या गेममध्ये गाणं 'वाजवलं' जात नव्हतं. मशीनमधली छोटी चिप सूर तयार करायची, आणि त्या सुरांचा कार्यक्रम कंपनीच्या पगारावरचा माणूस लिहायचा. बाहेरच्या कुणाची परवानगी घ्यायचा संबंधच नाही. म्हणून अल्बम काढणंही सोपं होतं. १९८४ मध्ये जपानमध्ये 'व्हिडिओ गेम म्युझिक' नावाचा अल्बम आला. त्यामागे 'यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा' या प्रसिद्ध बँडचा हारुओमी होसोनो होता, आणि संगीत होतं पॅक-मॅनसारख्या नामको कंपनीच्या गेम्सचं. गेमच्या संगीताचा हा पहिला अल्बम मानला जातो. कंपनी एक, मालक एक, विषय मिटला.

मग सीडी आली. सीडीवर खरं रेकॉर्डिंग मावत होतं, आणि तिथून सगळं बदललं. १९९५ मध्ये सोनीचं प्लेस्टेशन युरोपात आलं, त्यासोबत 'वाइपआउट' नावाचा शर्यतीचा गेम आला. त्यात केमिकल ब्रदर्स, लेफ्टफील्ड, ऑर्बिटल अशा क्लबमध्ये गाजणाऱ्या कलाकारांचे ट्रॅक होते. गेम खेळणं हा लहान मुलांचा उद्योग नाही, नाइट क्लबमध्ये जाणारी तरुण मंडळीही खेळतात, हे दाखवायला या संगीताचा मोठा हात लागला. पण हे ट्रॅक युरोपातल्या आवृत्तीत होते. अमेरिकेतल्या मुलांनी तोच गेम खेळला तो त्यांच्याशिवाय. एकाच गेमचं संगीत देशानुसार वेगळं असू शकतं, हे तेव्हापासूनचं.

तरीही तेव्हा मुदतीचा त्रास कुणाला जाणवला नाही. का? कारण डिस्क. दहा वर्षांच्या करारात छापलेली डिस्क अकराव्या वर्षी काही स्वतःहून गाणं पुसून टाकत नाही. दुकानात दहा वर्षं जुना गेम नवा कोरा विकायला कोण ठेवतो? करार संपेपर्यंत गेमची विक्री संपलेली असायची. मुदत कागदावर होती, ती कुणाच्या घरात शिरत नव्हती.

सात सीडी आणि मुका रेडिओ

ऑक्टोबर २००२. 'जीटीए व्हाइस सिटी'. १९८६ चं मायामीसारखं शहर, आणि रेडिओवर ऐंशीच्या दशकातली खरी गाणी. एपिक रेकॉर्ड्सने त्याच्या साउंडट्रॅकचे सात अल्बम काढले, संगीताच्या प्रत्येक स्टेशनचा एक. सगळे एकत्र घ्यायचे तर सात सीडींचा डबा. एखाद्या गेमचा साउंडट्रॅक दुकानात असा मांडला जाणं, हे त्या काळात अप्रूपच होतं.

आता आपल्याकडची गंमत सांगतो. माझ्या पिढीतल्या कित्येकांनी व्हाइस सिटी पहिल्यांदा खेळला तो नेट कॅफेत. आमच्या साताऱ्यात तासाला वीस रुपये होते. आणि तिथल्या कॉम्प्युटरवर जी कॉपी होती ती 'रिप' होती. म्हणजे मूळ गेममधल्या जड फाइली काढून, हलका करून फिरवलेला. सगळ्यात जड काय? अर्थात रेडिओ. त्यामुळे आमच्या व्हाइस सिटीत गाडीत बसलं की इंजिनाचा आवाज यायचा आणि बस्स. मला तर कित्येक वर्षं वाटायचं की या गेममध्ये संगीतच नाही! पुढे इंजिनिअरिंगला असताना होस्टेलवर एकाकडे पूर्ण आवृत्ती बघितली. गाडीत बसलो, रेडिओ सुरू झाला, आणि ते ओळखीचं शहर एकदम परकं वाटलं. त्याच रस्त्यांना आता साल होतं. गाण्यांमुळे कळत होतं की हे १९८६ आहे.

हे सांगायचं कारण एवढंच. परवान्यामुळे गाणी जातात तेव्हा 'काय मोठं, पार्श्वसंगीत तर आहे' असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. मी तो गेम दोन्ही प्रकारे खेळलोय. तो एक गेम नाही, दोन आहेत.

दुकान कधीच बंद होत नाही तेव्हा

मग स्टीमसारखी ऑनलाइन दुकानं आली. इथे जागा संपत नाही, माल जुना होत नाही. दहा वर्षं जुना गेम आजही एका क्लिकवर विकता येतो. आणि प्रत्येक नवी विक्री म्हणजे गाण्याची नवी प्रत. मग चौथा रकाना जागा झाला.

नोव्हेंबर २०१२. व्हाइस सिटीला नुकतीच दहा वर्षं झालेली. गेम स्टीमवरून अचानक नाहीसा झाला. जानेवारी २०१३ मध्ये परत आला, पण मायकल जॅक्सनचं 'वॉना बी स्टार्टिन समथिन' त्यात नव्हतं. विरोधाभास बघा: जॅक्सनची रेकॉर्ड कंपनी एपिक, आणि व्हाइस सिटीचे ते सात अल्बम काढणारी कंपनीही एपिकच.

ऑक्टोबर २००४ मध्ये 'सॅन आंद्रेस' आला होता. नोव्हेंबर २०१४ मध्ये, म्हणजे पुन्हा दहा वर्षांनी, त्याच्या स्टीमवरच्या आवृत्तीला अपडेट आलं आणि डझनाहून जास्त गाणी गेली. वर आणखी एक त्रास. आधी साठवून ठेवलेले खेळ, म्हणजे सेव्ह फाइल, नव्या आवृत्तीत चालेनात अशा तक्रारी आल्या. आणि २०१८ मध्ये जीटीए फोर. २००२-२०१२, २००४-२०१४, २००८-२०१८. करार मी वाचलेले नाहीत, पण तारखा एका रांगेत मांडल्या की मुदत आपोआप दिसते.

माझ्या कामात याला एक जवळचा भाऊ आहे. वेबसाइटला सुरक्षेचं सर्टिफिकेट लागतं आणि त्यावर तारीख असते. ती तारीख उलटली की कोडमध्ये काहीही चूक नसताना साइट उघडायची बंद होते. म्हणून आम्ही कॅलेंडरवर आधीच लिहून ठेवतो, अमुक दिवशी नूतनीकरण. गेममध्ये दोनशे गाणी म्हणजे अशी किमान चारशे सर्टिफिकेटं, वेगवेगळ्या मालकांची. फरक इतकाच की इथलं नूतनीकरण फुकट नसतं, आणि समोरच्याला ते करण्याची सक्तीही नसते.

दोन वेगळे मार्ग

गाणी काढून बाकी गेम चालू ठेवणं, हा जीटीएचा मार्ग. सेगाने 'क्रेझी टॅक्सी'ला तेच केलं. १९९९ च्या त्या गेमची ओळखच मुळी 'द ऑफस्प्रिंग' आणि 'बॅड रिलिजन' या बँडची धडाकेबाज गाणी ही होती. २०१० मध्ये गेम एक्सबॉक्स आणि प्लेस्टेशनच्या ऑनलाइन दुकानांत परत आला तेव्हा त्यात ती नव्हती, दुसरंच संगीत होतं. मूळ गेममध्ये प्रवासी ज्या खऱ्या ब्रँडच्या दुकानांत जायला सांगायचे, ती दुकानंही बदललेली. दोन वर्षांनी मोबाइलवर आला तेव्हा मात्र जुनी गाणी परत होती! म्हणजे अशक्य काही नव्हतं. कुणीतरी बसून हिशोब केला की झालं.

दुसरा मार्ग जास्त कठोर. 'ॲलन वेक' हा फिनलंडच्या रेमेडी कंपनीचा २०१० चा गेम. टीव्ही मालिकेसारखी त्याची रचना, भागामागून भाग, आणि प्रत्येक भागाच्या शेवटी एक गाणं. रॉय ऑर्बिसन, डेव्हिड बोवी, निक केव्ह असे कलाकार. इथे गाणं रेडिओवर नव्हतं, ते गोष्टीचा पूर्णविराम होतं. काढून टाकलं तर भाग संपल्यासारखाच वाटणार नाही. मे २०१७ मध्ये परवाने संपले आणि रेमेडीने सांगितलं की गेमच विक्रीतून काढावा लागतोय. जाण्याआधी त्यांनी दोन दिवस नव्वद टक्के सूट दिली. दुकान बंद करताना माल वाटून टाकावा तसं. ज्यांनी आधी घेतला होता त्यांच्याकडे तो राहिला, पण नव्याने कुणाला घेता येईना.

ऑक्टोबर २०१८ मध्ये तो परत आला, सगळ्या गाण्यांसह. मायक्रोसॉफ्टमधल्या लोकांनी परवान्यांची पुन्हा बोलणी केली म्हणून. इथे थोडं थांबा. जगातल्या सगळ्यात श्रीमंत कंपन्यांपैकी एक पाठीशी असूनही हा गेम जवळजवळ दीड वर्ष बाहेर होता. मग एखाद्या बंद पडलेल्या छोट्या स्टुडिओच्या गेमसाठी कोण फोन फिरवणार?

२०२३ मध्ये 'ॲलन वेक २' आला. त्यातही भागाच्या शेवटी गाणी आहेत, पण ती त्या गेमसाठीच नव्याने करून घेतलेली. त्यांचा वेगळा अल्बमही निघाला. यामागे आधीचा अनुभव होता का, मला सांगता येणार नाही. पण इंजिनिअर म्हणून मी तरी हेच केलं असतं.

मग सगळं कायमचं विकत का घेत नाहीत?

तुमच्या मनात हा प्रश्न आलाच असेल. मुदतीचं झंझटच नको, गाणं कायमचं घेऊन टाका ना! मलाही पहिल्यांदा हेच सुचलं होतं. पण टेबलाच्या पलीकडे जाऊन बसा.

सप्टेंबर २०२४ मध्ये ब्रिटनच्या 'हेवन १७' या बँडचा मार्टिन वेअर याने जाहीरपणे सांगितलं की 'जीटीए ६' साठी त्यांच्या 'टेम्पटेशन' या गाण्याची मागणी आली होती. मोबदला ७,५०० डॉलर, एकदाच, गेममधून पुढची रॉयल्टी काही नाही. त्याने नकार दिला, तोही अगदी शेलक्या शब्दांत. त्यावर दोन तट पडले. काही म्हणाले, एवढ्या मोठ्या गेममध्ये गाणं वाजलं तर लाखो नवे श्रोते मिळतील. काही म्हणाले, अब्जावधी कमावणाऱ्यांनी इतकं कमी द्यावं? माझं म्हणणं वेगळं आहे. खेळणाऱ्यांना जे 'कायमचं' हवंय त्याची किंमत कुणाला तरी मोजावी लागते, आणि इथे ती संगीतकाराने मोजावी अशी अपेक्षा होती.

सगळं संगीत स्वतःच्या मालकीचं असलेली कंपनी बघायची तर निन्टेंडो. परवान्याची अडचण नाही. तरीही त्यांच्या अनेक जुन्या गेम्सचं संगीत वर्षानुवर्षं कुठे अधिकृतपणे ऐकायला मिळत नव्हतं. लोकांनी यूट्यूबवर चढवलेलं ते उतरवायला लावायचे. २०२२ च्या सुरुवातीला 'गिल्वासनर' या चॅनेलवर हजाराहून जास्त दावे आले आणि चॅनेल बंद झालं. अखेर ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांनी 'निन्टेंडो म्युझिक' नावाचं ॲप काढलं, सभासदांसाठी. आनंदच आहे. पण ते आलं तेव्हा त्यात गाण्यांसोबत संगीतकारांची नावं नव्हती. एकच मालक असला की हेही होऊ शकतं.

आपल्याकडे हा वाद सिनेमात होऊन गेलाय. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की निर्मात्याने पैसे देऊन संगीत करून घेतलं, आणि वेगळा करार नसेल, तर हक्क निर्मात्याचा. त्यानंतर पस्तीस वर्षं गीतकार-संगीतकारांची गाणी वाजत राहिली आणि रॉयल्टीसाठी ते भांडत राहिले. २०१२ मध्ये कायदा बदलला. जावेद अख्तर यांनी त्यासाठी राज्यसभेत बाजू लावून धरली होती. आता गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला आपला वाटा सहज लिहून देऊन टाकता येत नाही. पुण्यात आज गेम बनतात. 'राजी' हा २०२० चा गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्स स्टुडिओचा. उद्या आपल्याकडे गेमसाठी चाल बांधणाऱ्या मुलामुलींनी ही २०१२ ची गोष्ट करारावर सही करण्याआधी माहीत करून घ्यावी, एवढं मनापासून वाटतं.

तारीख छापा

तर मंडळी, मुदत ठेवली तर खेळणाऱ्याचं नुकसान, मुदत काढली तर बऱ्याचदा संगीतकाराचं. यावर माझ्याकडे जादूची कांडी नाही. आणि मुदतीचे करार करणारे सगळे लबाड असतात असंही मला म्हणायचं नाही. संगीतकाराने दहा वर्षांनी पुन्हा पैसे मागणं हे मला तरी रास्तच वाटतं.

मला खटकतं ते इतकंच की ही तारीख सगळ्यांना माहीत असते. गेमच्या कंपनीला असते, रेकॉर्ड कंपनीला असते, दोघांच्या वकिलांना असते. फक्त जो पैसे देऊन गेम घेतो त्याला नसते. दुधाच्या पिशवीवर तारीख असते, औषधाच्या पट्टीवर असते. हजार-दोन हजारांचा गेम घेताना मात्र त्यातली पन्नास गाणी कोणत्या वर्षी जाणार आहेत हे कुठेच लिहिलेलं नसतं.

यात थोडी हालचाल झाली आहे. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये कायदा केला की डिजिटल वस्तू विकताना, तुम्ही ती वस्तू घेत नसून वापरण्याचा परवाना घेताय, हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगायचं. त्याच सुमाराला स्टीमनेही पैसे भरण्याच्या पानावर तशी ओळ टाकली. चांगलंय. पण 'हा परवाना आहे' एवढ्यावर थांबू नका, 'यातल्या गाण्यांचा परवाना अमुक सालापर्यंत आहे' हेही लिहा ना. एका ओळीचं काम आहे. डेटाबेसमध्ये ती तारीख असणारच, फक्त पानावर दाखवायची. सांगितलंत तर शनिवारी बसून मी करून देतो!

आणि तसं झालं तर आणखी एक फायदा आहे. तारीख आधी कळली की ग्रंथालयं, संग्रहालयं, अभ्यासक यांना जपणुकीची तयारी करता येईल. कारण आज जर कुणी जीटीए फोर विकत घेऊन म्हणालं, "२००८ मध्ये स्थलांतरिताची गोष्ट कशी सांगितली ते बघतो", तर त्याला निकोचा जो रेडिओ ऐकू येईल तो २००८ चा नाही. गेमच्या वेष्टणावरचं साल मात्र २००८ च आहे.

तुमच्याकडे जुनी डिस्क असेल तर टाकू नका. आणि तुमच्या आठवणीतलं एखादं गाणं असं कुठल्या गेममधून गायब झालं असेल तर गेमचं नाव आणि साल कळवा. मी एक यादी करतोय, पुढे त्यावरही एक भाग करू.

आजच्यापुरतं एवढंच. भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!